चोराला उद्देशून केलेलं भाषण

मंगळवार, ४ मार्च

आज आमच्या घरगाडीत चोरी झाली. भरदुपारी, बाजाराच्या वाहनतळावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. मी आणि माझी नणंद भाजी घेऊन परतलो, तर गाडीचं मागचं दार वाऱ्यावर डोलत होतं आणि आत सगळं उलटंपालटं.

वन्संचा फोन गेला. छोटी शेगडी गेली, दुर्बीण गेली, बिस्किटांचा डबा बिस्किटांसकट गेला. गेल्या नाहीत त्या माझ्या भाषणांच्या फायली. चोराने त्या फळीवरून काढल्या, उघडल्या, बहुधा दोन-चार ओळी वाचल्या आणि परत जागेवर ठेवल्या. कामगारांच्या सभांमध्ये माझ्यावर अंडी फेकली गेली आहेत, एकदा चप्पल आली आहे, पण मला वाचून कुणी नीट फळीवर ठेवून दिलं नव्हतं. या देशाचं काय होणार आहे ते मला आज कळलं.

फायली शाबूत पाहून मी आतूनच ओरडून वन्संना सांगितलं, "सगळ्या आहेत." त्या दारात पिशवी धरून उभ्या होत्या. मग ती त्यांनी तिथेच खाली टेकवली. बटाटे जरा जास्तच घेतले होते आज.

बुधवार, ५ मार्च

पोलीस आला. तरुण, गोरागोमटा, कानामागे पेन. दाराकडे पाहत म्हणाला, ओरखडासुद्धा नाही, कुलूप मोडलेलं नाही. मी म्हटलं, म्हणजे चोर अतिशय कुशल आहे, सराईत टोळी असणार. त्याने विचारलं, दार शेवटचं कुणी बंद केलं? मी. कुलूप लावलं होतं? मी त्याला विचारलं, बाळा, तू चोर पकडायला आला आहेस की मला?

त्यावर त्याने वन्संकडे पाहिलं. वन्सं आभाळाकडे पाहत होत्या. आभाळात काहीही नव्हतं.

या पोलिसाला मी सत्ता आणि मालमत्ता यांच्या जुन्या दोस्तीबद्दल थोडं समजावून सांगितलं. त्याचा चहा गार झाला.

गुरुवार, ६ मार्च

इथे दोन शब्द लिहून ठेवते, म्हणजे पुढेमागे ही वही कुणाच्या हाती लागली तर त्याला संदर्भ लागेल.

ही घरगाडी माझ्या नवऱ्याने निवृत्त झाल्यावर घेतली. पलंग, ओटा, नळ, संडास, सगळं चाकांवर. आम्ही तिला पेटारा म्हणतो. आयुष्यात कुठलंही काम वेळेवर न करणारा हा माणूस मरायला मात्र वेळेआधी गेला. पहिलीच सहल झाली आणि गेला. जाताना पेटारा माझ्या आणि त्याच्या धाकट्या बहिणीच्या नावावर करून गेला. हा त्याचा विनोद होता असं माझं ठाम मत आहे. आम्ही नणंद-भावजय तीस वर्षं एका छपराखाली जेवलो तेव्हा मीठ कुठल्या डब्यात ठेवायचं यावरसुद्धा आमचं एकमत झालं नव्हतं.

पण वन्संनी उभं आयुष्य शाळेची बस चालवली आहे, आणि मला गाडी येत नाही. परवान्याच्या परीक्षेला मी तीनदा बसले. तिन्ही वेळा परीक्षकाशी वाद झाला, तिन्ही वेळा मी जिंकले आणि तिन्ही वेळा नापास झाले. तेव्हा त्या चालवतात, मी बोलते. रस्ता मागे पडत जातो. गेलं वर्षभर असं चाललं आहे.

आज संध्याकाळी भांडी पुसता पुसता वन्सं म्हणाल्या, लेकीला निरोप दिलाय, वीस तारखेला ती न्यायला येईल. यापुढे तिच्याकडेच राहीन म्हणते.

मी म्हटलं, एका चोरीने घाबरलात? त्या म्हणाल्या, "चोराचं काही नाही वहिनी. तुम्हाला गाडी चालवणारी लागते. ती पगारावरही मिळते."

म्हणजे घाबरल्याच आहेत. माणूस घाबरला की भलतंच बोलतो. मी त्यांना शब्द दिला, वीस तारखेच्या आत या पेटाऱ्याचा किल्ला करते. मुंगी शिरणार नाही. मग बघू कोण जातंय.

मला व्यक्तिशः काही फरक पडत नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

शनिवार, ८ मार्च

शहराबाहेर घरगाड्यांचा एक तळ आहे, झाडं आहेत, नळ आहे, तिथे मुक्काम हलवला. आज कुलूपवाला आला. गुटगुटीत, आनंदी, दुसऱ्याच्या भीतीवर पोसलेला जीव. पेटाऱ्याभोवती फेरी मारून तो चुकचुकला, डॉक्टर एक्स-रे बघून चुकचुकतात तसा. "बाई, ही गाडी नाही, आमंत्रण आहे."

मग दिवसभर ठोकाठोकी. मागच्या दारावर बाहेरून आडवी लोखंडी पट्टी, तिला मुठीएवढं कुलूप. खिडक्यांना आतून गज. छतावरच्या झडपेला जाळी. पुढे चालकाच्या केबिनमध्ये एका दाराच्या मुठीपासून दुसऱ्या दाराच्या मुठीपर्यंत जाड पट्टा ताणायचा आणि मध्ये कुलूप ठोकायचं, म्हणजे काच फोडून हात घातला तरी दार उघडत नाही. स्टिअरिंगला दांडा. पुढच्या चाकाला लोखंडी जबडा. चाव्यांचा जुडगा एवढा झाला की कमरेला लावला तर मी तुरुंगाची अधीक्षक दिसते.

मी! जिने चौकाचौकांत सांगितलं की पहिलं कुलूप ज्याने ठोकलं त्याने पहिला चोर जन्माला घातला. टाळ्या पडायच्या त्या वाक्याला. आता मी कुलूपवाल्याला विचारत होते, याहून मोठं नाही का?

विचारांत सुसंगती असावी असं म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या घरी चोरी झालेली नसते.

वन्सं खुर्ची टाकून शेंगा सोलत बसल्या होत्या. सगळं झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "दार उघडं आणि मोरीला बोळा."

मी लगेच कुलूपवाल्याकडून मोरीच्या पाइपालाही जाळी बसवून घेतली. वन्संना तांत्रिक बाबी कळतात, हे मान्य करायला हवं.

सोमवार, १० मार्च

सकाळी पाणी भरायला पेटारा पुढे घ्यायचा होता. वन्संनी गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि धाडकन आवाज. चाकाचा जबडा काढायचा राहिला होता. काढण्याचं काम माझं होतं, पण त्या वेळी मी शेजाऱ्याला जबड्याचे फायदे सांगत होते.

शेजारी म्हणजे निवृत्त फुटबॉल पंच. गळ्यात अजूनही शिट्टी असते. आम्ही त्याला शिट्टीमास्तर म्हणतो. त्याने शिट्टी वाजवली आणि वन्संना हाताने खूण केली, फाउल नाही, खेळ चालू द्या. वन्सं हसल्या. कित्येक दिवसांनी हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

बुधवार, १२ मार्च

तळावरच्या लोकांना संध्याकाळी पेटाऱ्याच्या सुरक्षेवर व्याख्यान दिलं. कुणी मागितलं नव्हतं, पण ज्ञान मागण्याची वाट बघत बसलं तर समाज गुहेतच राहिला असता. एकेक कुलूप दाखवलं, कुठली चावी कुठे चालते ते सांगितलं. सगळे खुर्च्या घेऊन आले होते. शिट्टीमास्तरने मध्यंतराची शिट्टी दिली तेव्हा थोडे उठले. मध्यंतर मी जाहीर केलं नव्हतं.

नंतर वन्सं म्हणाल्या, छान झालं, आता फक्त चोरांनाच बोलवायचं राहिलं.

कौतुक करतानाही टोचायचं. यांच्या घराण्याची रीतच आहे.

त्यांनी आज बॅग काढली. निळी पेटीही काढली, तिच्यात माझ्या नवऱ्याने लहानपणी यांना करून दिलेले लाकडी प्राणी आहेत. एक हत्ती, त्याला सोंड नाही. पुसून परत ठेवला. मी पाहतेय हे पाहून म्हणाल्या, दादाने सोंड लावायची राहिलीच. मी म्हटलं, त्याची सगळी कामं तशीच.

मग मी वरच्या फळीवर पेटीला जागा करून दिली.

गुरुवार, १३ मार्च

तो पोलीस पुन्हा आला. चोर सापडला म्हणे! दुसऱ्याच एका भानगडीत पकडला गेला, त्यात ही चोरीही कबूल केली. फोन, शेगडी विकून खाल्ली, बिस्किटं खाल्ली. टोळीबिळी नाही, एकटाच आहे, दम्याचा पेशंट.

आणि जबानीत तो काय म्हणतो? दार उघडंच होतं.

संतापाने माझं डोकं भणभणलं. चोराच्या उलट्या बोंबा याला म्हणतात. मी पोलिसाला विचारलं, चोर खोटं बोलतो हे जगजाहीर असताना तुम्ही त्याचं म्हणणं लिहून कसं घेता? तो म्हणाला, सगळ्यांचंच लिहून घेतो बाई, तुमचंही घेतलं होतं.

वन्सं आत निघून गेल्या. खांदे हलत होते त्यांचे. बिचाऱ्या. चोराच्या खोटेपणाने त्यांनाही धक्का बसला असणार.

चोर पकडला गेला म्हणून किल्ल्याचं काम थांबणार नाही. एक चोर पकडला म्हणजे चोरी संपत नाही. एक मंत्री गेला म्हणून सरकार सुधारत नाही, तसंच आहे हे.

शुक्रवार, १४ मार्च

आज मास्टरस्ट्रोक सुचला.

कुलूपवाल्याकडे एक डबी आहे. गाडीत माणूस हलला की तिला कळतं आणि ती कोकलायला लागते. पण नुसतं कोकलणं म्हणजे काय? कुत्रंही कोकलतं, कुणी लक्ष देत नाही. या डबीत म्हणे आपल्याला हवा तो आवाज भरता येतो. लोक त्यात सायरन भरतात, कुत्र्याचं भुंकणं भरतात. कुलूपवाला म्हणाला, काही म्हणजे काहीही भरा.

माझ्याकडे सभांच्या काळातला कर्णा आहे. चोराने तो नेला नाही, अर्थात. डबी कर्ण्याला जोडायची, कर्णा छतावर. डबी कपाटात, कपाटाला कुलूप, म्हणजे चोराला ती बंद करता येणार नाही. आणि आत भरायचं माझं भाषण.

मी संप फोडायला आलेल्या गुंडांना नुसत्या बोलण्याने परत पाठवलं आहे. दमेकरी चोर म्हणजे काय?

शनिवार, १५ मार्च

वन्संना शिट्टीमास्तरबरोबर बाजारात पाठवून भाषण भरलं. एका दमात. कागद नाही, टिपण नाही.

सुरुवात खणखणीत: "चोरा! थांब. हात खाली कर आणि विचार कर, तू कुणाच्या घरात शिरला आहेस." मग मालमत्तेचा इतिहास थोडक्यात. मग खरे चोर कसे गालिच्यावर बसतात आणि तुझ्यासारखा कसा पायपुसण्यावर मार खातो. मग त्याच्या आईबद्दल, आदराने. मग पोलिसांबद्दल, अनादराने. जमलं होतं. पण डबीतली जागा संपेना, आणि रिकामी जागा दिसली की माझं तोंड आपोआप चालतं. शेवट असा झाला:

"आणि एक ऐक. वरच्या फळीवर निळी पेटी आहे, तिला हात लावू नकोस. ती माझ्या नणंदेची आहे. तिच्यात तुझ्या कामाचं काही नाही, सोंड नसलेला हत्ती आहे. माझा नवरा गेला, त्याच्यामागे माझ्याशी भांडायला हे एकच माणूस उरलंय. मी सभा गाजवून यायचे, सगळं घर झोपलेलं असायचं. ही तेवढी जागी असायची. ताट वाढून म्हणायची, किती हा उशीर. हजारोंच्या टाळ्या घेतल्या, एकही आठवत नाही मला. ते 'किती हा उशीर' आठवतं. तेव्हा तू टीव्ही ने, गाद्या ने, फायली ने, हवं तर मला घेऊन जा. पण ती जाईल असं काही करू नकोस."

शेवटी थोडा करुण रस घालावाच लागतो. श्रोता आतून हलल्याशिवाय हातातली वस्तू खाली ठेवत नाही. हे निव्वळ तंत्र आहे, सभेत शेकडो वेळा वापरलंय. काढून टाकणार होते, पण डबीत अर्धवट पुसता येत नाही.

रविवार, १६ मार्च

पडदा हलला, भाषण सुरू. मी बाहेर नळावर होते. धावत येऊन, पट्टीचं कुलूप, दार, कपाटाचं कुलूप उघडून बंद करेपर्यंत मालमत्तेचा इतिहास अर्धा झाला होता.

दुपारी माशी. संध्याकाळी पुन्हा पडदा. दर वेळी मी वेळेत पोचते, त्यामुळे शेवटपर्यंत अजून कुणी ऐकलेलं नाही.

तळावरचे लोक पहिल्यांदा धावत आले. दुसऱ्यांदा खुर्चीतून मान वळवली. तिसऱ्यांदा शिट्टीमास्तरने पान उलटलं. मी विचारलं, तुम्ही आला नाहीत? तो म्हणाला, बाई, त्यात आणि तुमच्यात फरक कळत नाही हो. तुम्ही आत असलात तरी आवाज असाच येतो.

सुरक्षेबाबत समाज किती उदासीन आहे, याचा हा पुरावा.

मंगळवार, १८ मार्च

भाचीचा, म्हणजे वन्संच्या लेकीचा फोन, माझ्या फोनवर. सध्या दोघींत एकच आहे. परवा सकाळीच येते म्हणाली. मग म्हणाली, मामी, तू काय करशील गं?

मी म्हटलं, माझी चिंता करू नकोस. पेटारा विकू. मी कुठेतरी खोली घेईन. शांतपणे वाचन-लेखन करीन. या वयात माणसाला एकांत हवाच असतो.

भाची म्हणाली, आईला दे.

वन्संची बॅग दारात उभी आहे. जाता-येता पायात येते. मी ती दोनदा आत सरकवली, उगाच कुणी उचलून नेऊ नये म्हणून.

बुधवार, १९ मार्च

सगळं क्रमाने लिहिते.

शहरातल्या वाचनालयात आज माझं बोलणं होतं. विषय होता, "भीती कोण विकतं?" जेवण झाल्यावर निघाले. वन्संची भाजीची पिशवी खुंटीवर नव्हती, तेव्हा त्या बाजारात गेल्या असणार. केबिनमध्ये पट्टा ताणला, कुलूप. खिडक्यांचे गज, कुलूप. डबी चालू, कपाटाला कुलूप. दाराबाहेर पट्टी, कुलूप. जुडगा पर्समध्ये, फोन पर्समध्ये. पहिल्यांदाच एकही गोष्ट विसरले नाही.

भाषण उत्तम झालं. जरा लांबलं.

परत येताना फाटकापासूनच माझा आवाज ऐकू आला. क्षणभर थांबून ऐकत राहिले. या वयातही काय फेक आहे! शब्दन् शब्द कळतो. मग डोक्यात उजेड पडला की हे आत कुणीतरी असल्याशिवाय होत नाही. धावले.

शिट्टीमास्तर कानात कापूस घालून बसला होता. मी ओरडले, चोर शिरलाय आणि तुम्ही बसून काय राहिलात? त्याने कापूस काढला. म्हणाला, चोर कसला? तुम्ही ताईंना झापताय असं वाटलं आम्हाला. दुपारपासून चाललंय. आधी भांडण व्हायचं, मग शेवटी समेट व्हायचा, मग पुन्हा पहिल्यापासून भांडण. घरचा मामला म्हणून मध्ये पडलो नाही.

समेट कुठला? माझ्या भाषणात समेटाचं एक वाक्य नाही. याला फुटबॉलपलीकडे काही कळत नाही.

पट्टी काढली, दार उघडलं. आत वन्सं.

बाजारात गेल्याच नव्हत्या. डोकं दुखत होतं म्हणून केबिनवरच्या माळ्यावर पडदा ओढून झोपल्या होत्या. पिशवी उशाला घेतली होती, कारण उशी बॅगेत भरली होती. जाग आली, खाली उतरल्या, आणि छतावरून मी सुरू झाले. दार उघडेना. केबिनमधून निघावं तर पट्टा. खिडक्यांना गज. कपाटाला कुलूप. फोन नाही. हाका मारल्या, पण माझ्यापुढे कुणाचा आवाज चालतो? मग म्हणे हाका मारायच्या थांबल्या, आणि बसल्या ऐकत.

मी आत शिरले तेव्हा टेबलाशी हात बांधून बसल्या होत्या, शाळेतल्या पोरीसारख्या. समोर निळी पेटी. डोळे लाल झालेले. हवा पार कोंडली होती आत, दुसरं काय. मी घाईघाईने कपाट उघडून डबी बंद केली. मी म्हटलं, "वन्सं, तुम्हाला काही झालं असतं तर?" पुढचं वाक्यच सुचेना. चाळीस वर्षं व्यासपीठावर गेली, असं कधी झालं नव्हतं.

वन्सं उठल्या, माझं ताट वाढलं.

"किती हा उशीर," म्हणाल्या.

जेवताना त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या. न वळताच म्हणाल्या, "भाषण फार लांबलंय. मधला इतिहास काढून टाका. शेवट ठेवा."

एवढ्या वर्षांत माझ्या भाषणावर त्यांनी दिलेला हा पहिलाच अभिप्राय. दुपारभर कोंडून घातल्यावर का होईना, वक्तृत्वाची जाण आली.

गुरुवार, २० मार्च

भाची आली. गाडीत मागची सीट रिकामी करून आणली होती. वन्संनी तिला चहा दिला, नातवंडांसाठी विणलेले मोजे दिले, आणि सांगितलं, मी येत नाही.

भाची माझ्याकडे बघायला लागली. मी हात वर केले. मी एक शब्दही बोलले नव्हते, हे तिलासुद्धा अविश्वसनीय वाटलं.

ती म्हणाली, अगं आई, पण चोऱ्या? वन्सं म्हणाल्या, "कुलपं भक्कम आहेत. मी स्वतः तपासून पाहिलीत. आतला माणूस बाहेर पडू शकत नाही, बाहेरचा कसला आत येतोय."

मी जिंकले! सहा तारखेला दिलेला शब्द पाळला. लोखंडी पट्टी, ताणलेला पट्टा, गज, जबडा. शेवटी माणसाला विश्वास लागतो तो लोखंडाचाच, शब्दांचा नाही. हे आयुष्यभर शब्दांवर जगलेल्या बाईने लिहावं, याला प्रामाणिकपणा म्हणतात. कुलूपवाल्याला कळवलं की तुझ्या मालामुळे एक घर मोडता मोडता राहिलं. तो म्हणाला, मग खिडक्यांना बाहेरूनही गज लावून टाकू का?

भाची जाताना मला घट्ट बिलगली. कारण सांगितलं नाही. हल्लीची पिढी उगाच भावुक होते.

शनिवार, २२ मार्च

उद्या सकाळी निघायचं ठरलं आहे, समुद्राच्या बाजूला. काल वन्संच्या सांगण्यावरून दारावरची बाहेरची पट्टी काढली. केबिनमधल्या पट्ट्याची एक चावी आता त्यांच्या गळ्यात असते. बॅग रिकामी होऊन पलंगाखाली गेली. उशी परत माळ्यावर.

आज कर्णा खाली उतरवला आणि कपाट उघडलं तर डबी गायब! म्हणजे एवढ्या कुलपांतूनही कुणीतरी शिरलं. फळ्या पाहिल्या, ओट्याखाली पाहिलं, फायली पाहिल्या. सगळं जागच्या जागी, फक्त डबी नाही. शिट्टीमास्तरला हाक मारणार, तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "माझ्याकडे आहे."

माळ्यावर, उशीखाली.

मी विचारलं, तिथे कशाला? म्हणाल्या, चोर उशीखाली हात घालत नाहीत.

मला काही समजेना. या पेटाऱ्यात नवा फोन आहे, नवी शेगडी आहे, माझ्या उभ्या आयुष्याची भाषणं आहेत. ते सगळं सोडून ही बाई लपवते काय, तर प्लॅस्टिकची डबी, आणि तीही माझा आवाज भरलेली, जो तिला दिवसभर फुकट ऐकायला मिळतो. मी म्हटलं, पुसून टाकू या ते भाषण, कुत्र्याचं भुंकणं भरू. त्या म्हणाल्या, खबरदार हात लावाल तर.

असो. वयोमानाने माणूस विक्षिप्त होतो. सांभाळून घ्यायला हवं.

आत्ताच नळावरून शेवटचं पाणी आणलं. जाताना दार मी ओढून घेतलं. वन्सं मागून आल्या आणि ते एकदा स्वतः ओढून पाहिलं.